बारा गावचं पाणी

टाकी पांढरी हवी, हा हट्ट माझा. गॅरेजवाला बिचारा सांगत होता, "सर, काळी घ्या. घराघरांवर बघा, सगळ्यांची काळीच असते." मी म्हटलं, घरावरची टाकी कावळ्यांनी बघायची असते, ही पाहुण्यांनी बघायची आहे. गाडीच्या मागच्या काचेला लागून शंभर लिटरची पांढरी टाकी, उजेड आरपार जाईल अशी. तिच्यामागे निळा दिवा. आणि आतलं पाणी गाडीच्या हेलकाव्याबरोबर संथ झुलतंय. पहिल्या रात्री दिवा लावून मी बायकोला अंगणात बोलावलं. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "लग्नाच्या हॉलमध्ये माशांची पेटी असते ना, तशी दिसते." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

गाडीबद्दल फार सांगत नाही, कारण रोह्यापासून कोलाडपर्यंत ती ज्याला माहीत नाही असा माणूस उरलेला नाही. शाळेच्या सहलीला ठरवायचो तसलाच एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते पेपरात वाचलं तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. चौतीस वर्षं नकाशावर काठी फिरवलेल्या भूगोलाच्या मास्तरला आणखी काय हवं? सीटा उपटल्या. दोन बर्थ, ओटा, शेगडी, बेसिन, कोपऱ्यात एका माणसापुरतं न्हाणीघर (तो माणूस मी नव्हे, मी आत गेलो की दार लागत नाही). मी तिला 'कॅराव्हॅन' म्हणतो. वरसे गावातली पोरं 'विंचू' म्हणतात, बिऱ्हाड पाठीवर म्हणून. यातली निम्मी पोरं माझेच विद्यार्थी, त्यामुळे उपमा तरी धड दिली याचं समाधान.

आता थोडं विषयांतर करतो. बायकोच्या भाषेत सांगायचं तर, "हे आता मुळशीला निघाले."

निघतोच. आमच्याकडच्या पाण्याला घराणं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी कुणाला पेला तोंडाला लावू देत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणीच्या पलीकडे जो पाऊस पडतो, त्याच्या कपाळी पूर्वेचा प्रवास लिहिलेला असतो. तो मुळा नदीत उतरायचा, पुण्यात मुठेला भेटायचा, पुढे भीमा व्हायचा, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेत विठोबाच्या पायाशी वळसा घ्यायचा, कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळायचा आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात. थेंबाथेंबाचं तिकीट काढलेलं. पण टाटांनी मुळशीला धरण बांधलं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढला आणि त्याच पाण्याला अलीकडे वळवून जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली, आमच्या बाजूला, भिऱ्याला आणून आपटलं. १९२७ पासून ते पाणी तिथे जनित्रं फिरवतंय. वीज जाते मुंबईला. आणि राबून मोकळं झालेलं पाणी? ते भिऱ्याच्या सांडीतून बाहेर पडून कुंडलिकेत येतं.

म्हणून तर मे महिन्यात कोकणातल्या नद्या नुसते गोटे दाखवत पडलेल्या असतात तेव्हा आमची कुंडलिका वाहत असते. कोलाडला मुंबईची पोरं रबरी होड्यांत बसून किंचाळतात, तीही या पाण्यावर. सकाळी वीज करायला पाणी सोडलं की नदी चढते, बंद केलं की उतरते. समुद्राची भरती चंद्रावर चालते, आमच्या कुंडलिकेची मुंबईच्या विजेच्या मागणीवर. बंगालच्या उपसागराचं तिकीट काढलेला थेंब रेवदंड्याला उतरतो! हे वाक्य मी नेहमी पेला उजेडात धरून म्हणतो. बहुतेक पाहुण्यांनी आपला पेला तोवर संपवलेला असतो. मी रायचूरलाच असतो.

या कथेत आणखीही एक भाग आहे. धरणाच्या पाण्याखाली पन्नासेक गावं गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह उभारला, लोकांनी कामावर जाऊन धरणं धरलं, तुरुंग भोगले, आणि धरण झालंच. पण तिथवर मी सहसा पोचत नाही. चहा येतो.

असो. तर चैत्रात आम्ही निघालो. निघताना वरशाच्या नळाचं पाणी भरलं. त्यासाठी सुपारीच्या झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप होता. तोच पाइप गाडी धुवायला, तोच ओटी धुवायला, आणि उरलेला वेळ तो परसात चिखलात तोंड घालून पडलेला असायचा, मांजरीची पिल्लं त्याच्यावर उड्या मारायची. बायको म्हणाली, "अहो, याच्यानं पिण्याचं भरणार?" मी म्हटलं, "पाणी वाहतं आहे. वाहत्या पाण्याला दोष नसतो." हे वाक्य कुठल्या ग्रंथातलं आहे, हे तिनं विचारलं नाही, हे बरं झालं.

टाकी भरायचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला, डिझेलच्या झाकणापासून हातभर अंतरावर, आणि दोन्ही झाकणं सख्खी भावंडं. माणगावच्या पुढे एका पंपावर मी पाय मोकळे करायला उतरलो होतो. पंपावरच्या पोरानं जे पहिलं झाकण दिसलं ते उघडलं आणि नळी उचलली. बायकोनं खिडकीतून अशी हाक मारली की पलीकडच्या रांगेतल्या तीन गाड्यांनीही डिझेल भरणं थांबवलं. त्यानंतर मी त्या झाकणावर पांढऱ्या रंगानं फळ्यावरच्या अक्षरात 'पिण्याचे पाणी' असं लिहिलं. वेलांट्या फार सुरेख आल्या. पाण्याच्या शुद्धतेसाठी मी संपूर्ण प्रवासात घेतलेली खबरदारी ती एवढीच.

आता टाकीचं मानसशास्त्र. पांढऱ्या टाकीत पाणी किती आहे ते सतत दिसतं. भरलेली टाकी श्रीमंत दिसते, अर्धी टाकी महिनाअखेरीसारखी. त्यामुळे मला ती अर्धी झालेली बघवायची नाही. जिथे मुक्काम तिथे हिरवा पाइप काढायचा आणि वर भरायचं. पुरती रिकामी ती एकदाही झाली नाही. वरसे, माणगाव, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई, सातारा, फलटण, पंढरपूर, इंदापूर (उजनीच्या काठचं, आपलं माणगावाजवळचं नव्हे), पुणे, खोपोली. कुठे नळाचं, कुठे बोअरचं, कुठे लॉजच्या गच्चीवरचं, एका ठिकाणी देवळामागच्या हौदातलं.

पंढरपूरला तर मी गहिवरलो. चंद्रभागेच्या गावचं पाणी टाकीत पडत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर नकाशा उलगडला. माथ्यावर एकाच ढगातून पडलेले दोन भाऊ. एकाला टाटांनी पश्चिमेला ओढून वरशाला आणलं, दुसरा पूर्वेच्या वाटेनं इथवर चालत आला. आज शंभर वर्षांनी दोघं माझ्या टाकीत गळ्यात गळा घालून भेटले! मी बायकोला हे सांगितलं. ती पायरीवर बसून फिरकीच्या तांब्यातून पाणी पीत होती.

हा तांब्या माझ्या आजीचा. पितळी, जाड, झाकणाला आटे. फिरवून घट्ट बसवला की पालथा केला तरी थेंब सांडत नाही. आजी पनवेलला लेकीकडे जायची तरी घरच्या विहिरीचं पाणी त्यात घेऊन जायची. परक्या गावात पोचल्यावर पहिले दोन दिवस ती या पाण्यावर काढायची, "तिथलं पाणी बाधतं" म्हणून. मी गाडीच्या सजावटीत तो तांब्या ओट्यावर ठेवला होता, त्यात प्लास्टिकची जास्वंद खोचून. 'वारसा' असं काहीतरी माझ्या मनात होतं. बायकोनं निघायच्या आदल्या दिवशी जास्वंद काढून खिडकीत ठेवली, तांब्या चिंचेनं घासला आणि उकळून गार केलेलं पाणी त्यात भरलं. प्रत्येक मुक्कामी ती शेगडीवर पातेलं ठेवायची. मी तिची यथेच्छ चेष्टा केली. "अगं, आम्ही बारा गावचं पाणी प्यालेली माणसं. आम्हाला काय होतंय!" ती म्हणाली, "अकरा झाली. बारावं ताईंकडे प्या."

माझी ताई पेणच्या खारेपाटात दिली आहे. खारेपाट ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथे पाणी नाही असं म्हणायची सोय नाही. चारी बाजूंना पाणीच आहे: खाडी, भरती, मिठागरं, शेतात शिरलेलं उधाण. फक्त पिता येत नाही. विहीर खणा, खारी लागते. ताईच्या दारात आम्ही ऐटीत विंचू लावला. ताईनं गाडी आतबाहेर फिरून पाहिली, बर्थवर बसून पाहिलं, बेसिनचा नळ उघडून परत बंद करून पाहिला. मग निळ्या दिव्यापुढे उभी राहून म्हणाली, "केवढं पाणी रे बाबू, नुसतं बघायला!"

मला ते कौतुकच वाटलं. माझी ही एक सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना टाकी अर्धी. ताईच्या उंच पडवीत तीन निळी पिंपं झाकून ठेवलेली. मी विचारलं, "ताई, भरून घेऊ का थोडं?" ती म्हणाली, "भर की. विचारतोस काय?" मी पाइप पिंपात सोडला, दुसऱ्या टोकाला तोंड लावून पाणी ओढलं (हो, तोंड लावून, प्रयोगशाळेत सायफन शिकवतात तसं) आणि टाकी कडेपर्यंत टम्म केली. पिंपाचा तळ दिसला. ताई पदराला हात पुसत बघत होती. तिनं वर भाकऱ्या आणि सुकटही बांधून दिली.

घरी आलो आणि दोन दिवसांनी मी आडवा. तपशील देत नाही. मराठी ललितलेखाला काही मर्यादा असतात. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं पाणी प्यालात?" मी क्षीण आवाजात, पण ठामपणे म्हटलं, "छे. घरचंच. गाडीतलं." ते हसले नाहीत, यावरून ते सभ्य आहेत हे कळलं. बायको ठणठणीत. तिसऱ्या दिवशी ताकभात खाऊन मी जरा उठून बसलो तेव्हा ती गाडीतून उतरत होती, हातात एक छोटी बाटली.

"काय आहे?"

"एच टू एसची बाटली. टाकीतलं पाणी घेतलं. उद्यापर्यंत ठेवायची."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी बायको गावाची पाणी-तपासणीस आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. त्या पाचांतली ती एक. दोन वर्षं झाली. मध्यंतरी ती तीन दिवस सकाळी ग्रामपंचायतीत जात होती, हे मला आठवलं. "मला वाटलं, बचत गट," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं कुठे?" ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही टाकीच्या दिव्याचा रंग निवडत होतात."

ती बाटली तिनं स्वयंपाकघरात, उबेला, पिठाच्या डब्यापाशी ठेवली. पाणी तिच्यात खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबायचं. पाण्यात नको तिथले जंतू असले तर ते काळं पडतं. आमच्या पाण्यानं चोवीस तासही घेतले नाहीत. सकाळी चहाला गेलो तर पिठाच्या डब्यापाशी शाळेतली शाईची दौत ठेवल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "अगं, त्यात पंढरपूरचं पाणी आहे." ती म्हणाली, "बाटलीला वारी कळत नाही."

मग तिनं मला, म्हणजे चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला, शिकवलं. नळाच्या पाण्यात पंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालते. त्यातला क्लोरीन नळातून येईपर्यंत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा, तो पाण्याचा पहारेकरी. पण टाकीत उन्हात दोनतीन दिवस हिंदकळत पडलं की पहारेकरी उडून जातो आणि मागे राहतं ते बेवारस पाणी. त्यावर तुम्ही रोज नव्या गावाचं ओतता, खालचं कधी काढत नाही. पांढऱ्या टाकीतून उजेड आत जातो, उजेडानं शेवाळ धरतं. निळ्या दिव्यानं तर तुम्ही त्याला रात्रपाळीही लावलीत. पाइपबद्दल मी बोलतच नाही.

पाइपबद्दल ती पुढे वीस मिनिटं बोलली.

टाकीला वरून हात जाईल एवढं झाकण होतं. तिनं माझा हात धरून आत घातला. "आतून बोट फिरवा." फिरवलं. ओल्या बोंबलाच्या पाठीवरून बोट फिरावं तसं लागलं. बाहेर काढून बघितलं तर बोटाला हिरवट बुळबुळीत थर, आणि त्यात मुंगीचा एक पाय. बारा गावं मी प्यालो होतो, ती ही.

"सगळं काढा," ती म्हणाली. मी खालची तोटी उघडली. पाणी परसात नारळाच्या आळ्यात वाहायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. ताईची मुलगी. मामाची तब्येत कशी आहे म्हणून. बरा आहे म्हटलं. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती सहज म्हणाली, "मामा, त्या दिवशी टाकी पुरती भरली ना? आई सारखी म्हणत होती, बाबूच्या गाडीला पाणी झालं हे बरं झालं, आपला काय, टँकर येईल. मग तो मेला पाचव्या दिवशी आला."

मी धावलो आणि तोटी बंद केली. का, ते मला विचारू नका. बायको बघत होती. ती हळू म्हणाली, "आता ठेवून काय करणार? प्यायचंय का?" आणि तिनं वाकून तोटी परत उघडली. पाणी माझ्या पायांवरून आळ्यात गेलं. पाच दिवस. तिसरं पिंप मी तळाला लावलं होतं, उरलेल्या दोनांत त्या चार माणसांनी पाच दिवस काढले, आणि ते पाणी माझ्या मागच्या काचेत निळ्या उजेडात डोलत खारेपाटातून वरशाला आलं, कुणी बघावं म्हणून.

पेण तालुक्यातच हेटवण्याचं धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. वर्गात मी हे शिकवलेलं आहे, धरणाचं नाव, नदीचं नाव भोगेश्वरी, काठीनं दाखवून. नकाशावर धरणापासून खारेपाटाचं अंतर काठीच्या टोकाएवढं दिसतं. आणि मुळशी: पन्नासेक गावं पाण्याखाली घालून ज्याची वीज मुंबईला गेली, त्या पाण्याचं मी पेला उजेडात धरून घराणं सांगत बसतो. त्या दिवशी परसात मी कथेच्या त्या भागापर्यंत पोचलो. चहा आला नाही.

बायकोनं वजनकाटा काढला, रव्याचा. शंभर लिटरच्या टाकीला पंधरा ग्रॅम टीसीएल, ताजी, घट्ट झाकलेल्या डब्यातली; डबा उघडा राहिलेली असली तर तिच्यात दम नसतो. बादलीभर पाण्यात ती कालवली, चुन्यासारखा गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतली. टाकी काठोकाठ. मग गाडीतला एकेक नळ, न्हाणीघराचा फवाराही, टीसीएलचा वास येईपर्यंत सोडायचा आणि बंद करायचा, म्हणजे नळ्यांतही औषध पोचतं. वासावरून मी मध्येच सुचवलं की थोडं व्हिनेगरही घालू, कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं, दर्प जातो. ती गर्रकन वळली. "टीसीएलमध्ये व्हिनेगर? गाडीत विषारी वायू करायचाय?" रोह्याच्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्याला वायू म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. मी व्हिनेगरची बाटली लोणच्यामागे ठेवून आलो.

रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सगळं काढून टाकलं, दोनदा साध्या पाण्यानं भरून खळखळवून काढलं. दर्प राहिला तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा धुवायचं, पण ते औषध पुरतं निघून गेल्यावर. नवीन पाइप आणला, पांढरा, पिण्याच्या पाण्याचा. त्याची दोन्ही टोकं झाकून तो हुकावर टांगायचा आणि त्यानं दुसरं काहीही धुवायचं नाही, मी तर नाहीच. शेवटी नळाचं पाणी भरलं. तिनं काचेच्या नळीत थोडं घेऊन त्यात क्लोरीन तपासायच्या 'ओटी' औषधाचे थेंब टाकले. फिकट पिवळं झालं, हळदीकुंकवाच्या ताटात हळदीचं बोट धुतल्यावर होतं तसं. "आता पहारेकरी आहे," ती म्हणाली.

टाकीला मी काळा रंग दिला. दोन हात. निळा दिवा काढून मुलाच्या खोलीत लावला.

आणि रविवारी खारेपाटात गेलो. जाताना बायको म्हणाली की ताईंना हे सांगत बसू नका, नुसतं पाणी द्या. मी कशाला सांगतो! गाडी गावात शिरली. मागून पांढरा पाइप लोंबत होता, बाहेरच्या झाकणावर 'पिण्याचे पाणी', सुरेख वेलांट्या. तळ्याच्या वळणावर एका पोरानं बोट दाखवून बोंब ठोकली, "टँकर आला गो!" आणि ताईच्या दारात गाडी थांबेपर्यंत मागे हंडे लागले. मोजले, अकरा. शंभर लिटरचे होतात सहा हंडे आणि एक कळशी.

मी खाली उतरलो. एवढा समुदाय समोर, पाणी मागे. मास्तरला राहवतं का? मी घसा साफ केला. "हे पाणी साधं नाही बरं का. सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशीच्या—"

"भाऊ," पहिल्या बाईनं हंडा नळाखाली सरकवला, "नळ सोड."

सोडला. पहिला हंडा भरला, दुसरा भरला. ताई दारात उभी होती, रांगेत आली नाही. मी खुणावलं तर म्हणाली, "त्यांचं होऊ दे रे आधी." चौथ्या हंड्याला मागून कुणीतरी विचारलं, अजून किती उरलं असेल? मी वळून टाकीकडे बघितलं. काळीकुट्ट. काही दिसेना. मी अंदाजे सांगायला तोंड उघडलं, तोच रांगेतली एक म्हातारी पुढे आली. गाडीच्या पायरीवर चढली, टाकीला खालून वर तीन ठिकाणी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जरा जवळ नेला.

"दोन हंडं नि एक कलशी," ती म्हणाली. "पाच जनी मागं जा. उगा उन्हात उभ्या नको ऱ्हाव."

बाकीच्या चौघी गेल्या. बरोबर दोन हंडे आणि एक कळशी निघाली, मग नळानं फुर्र केलं. कळशी ताईची होती. तिनं ओंजळीत थोडं घेऊन प्यालं, तोंड वाकडं केलं. "टीसीएलचा वास येतो रे बाबू."

"येणारच," मी म्हटलं. "पहारेकरी आहे तो."

म्हातारी अजून पायरीवर बसली होती, रिकामा हंडा मांडीवर. तिनं गाडीच्या आत डोकावून बर्थ बघितले, शेगडी बघितली, खिडकीतली प्लास्टिकची जास्वंद बघितली. टँकरात एवढं सगळं कशाला, हे बहुधा तिला कळलं नसावं. पण तो तिचा प्रश्न नव्हता.

"उद्या कवा येशील?" तिनं विचारलं.